उंटसफर नव्हे, डीजे टाळा

‘जैसलमेरची उंटसफर टाळा’ हे पत्र वाचले. जैसलमेरजवळच्या सम येथे सूर्यास्ताला उडणारा गोंधळ खरा, पण सुचवलेला उपाय पटला नाही. राजस्थानात २०१२च्या पशुगणनेत सुमारे सव्वातीन लाख उंट होते, २०१९मध्ये जेमतेम दोन लाख तेरा हजार. ट्रॅक्टर आले, उंटाचे काम गेले. आज समच्या अनेक उंटांचा चारा पर्यटकांच्या पैशांतूनच येतो. आक्षेप घ्यायचा तर पर्यटकांच्या कॅम्पवरच्या डीजेवर घ्या. मांगणियार लोकगायकांची कमायचा आणि खडताल ही वाद्ये दोन गाण्यांत गुंडाळून ताटे वाढण्याआधीच स्पीकर सुरू होतात. बुकिंग करतानाच ‘डीजे नको, जेवण संपेपर्यंत मांगणियारच हवेत’ असे ठणकावून सांगा. आणि वेसणीपाशी जखम दिसली, तर त्या उंटावर बसू नका.

– एक वाचक, सातारा