कोंबडीच आहे ना!

‘अरे कोंबडीच आहे ना! पाचशे रुपये दे आणि निघ.’

नाणेघाटाच्या पावसाळी ट्रेकला जाणाऱ्या गाडीत हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. टोकावडे सोडलं की वैशाखऱ्याकडे जाणारा रस्ता वस्त्यांना खेटून जातो. एखादी कोंबडी पिल्लांना घेऊन आडवी येते, पाय टायरखाली सापडतो, गाडीतला सगळ्यात समजूतदार माणूस उतरून नोट काढतो आणि हिशेब मिटला असं सगळ्यांना वाटतं. परतीच्या वाटेवर ‘गावठी कोंबडी मिळेल’ची पाटी दिसली की तीच गाडी थांबते, ते वेगळंच.

तर मला आज या नोटेशी भांडायचंय. कोंबडी या विषयावर पानभर लेख म्हणजे वीकेंडला दुसरा उद्योग नाही वाटतं, असं ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल हसावं.

आपल्या धंद्यात एक सवय लागते. माउस बिघडला, नवा मागव. कीबोर्डवर चहा सांडला, नवा मागव. दुरुस्तीचा तास महाग, वस्तू स्वस्त. हे गणित आपण इतक्या वेळा केलंय की जिवंत वस्तूलाही तेच लावतो. पण मुरबाड-शहापूरच्या पाड्यावर गणित तसं नाहीच. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. फार्मवरची ३०० च्या पुढे जाते. अंड्यांत मोजलं तर गावठी हरली. पण तीच बिचारी २१ दिवस खुडूक बसून पिल्लं काढते, त्यांना पंखाखाली वाढवते, घारीपासून वाचवते, आणि पोट बरंचसं अंगणात उकरून भरते. ती मेली की मागची आठ-दहा पिल्लंही आठवड्याभरात मांजर आणि मुंगूस संपवतात. बरं, हा पैसा घरातल्या बाईचा असतो. भात नवऱ्याच्या नावावर, म्हैस सासऱ्याची, कोंबड्या तिच्या. वह्या-पुस्तकं, एसटीचं भाडं, माहेरी जाताना हातात काहीतरी, सगळं त्यातून. आणि ती पाचशेची नोट बहुतेक वेळा अंगणात उभ्या असलेल्या पुरुषाच्या हातात पडते!

माझी मामी मुरबाड तालुक्यात राहते. तिच्या एका कोंबडीला कुत्र्याने धरलं. पाठीची कातडी लोंबत होती, एक पाय मोडलेला. मामीने तिला टोपलीत घातलं, जीपचं भाडं भरलं आणि जनावरांच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे तिला काय ऐकायला मिळालं असेल? ‘मावशे, रस्सा करायचा ना, इथं कशाला आणली?’ आणि मागे दोघं-तिघं हसले. शहाणी माणसं हो, शिकलेली! म्हशीला सलाईन लावताना कोणी हसत नाही.

मामी परत आली आणि तिला जे येत होतं ते केलं. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुतली, पिसं कापून बाजूला केली, मेडिकलमधून आणलेलं पोविडोन आयोडीन लावलं. पायाला कापूस गुंडाळून बांबूच्या दोन कामट्या बांधल्या, बोटं गार पडणार नाहीत इतपतच घट्ट. मग डालग्याखाली, अंधारात, उबेला, इतरांपासून वेगळी. हे वेगळं ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण लाल जखम दिसली की बाकीच्या कोंबड्या टोचून टोचून तिला संपवतात. पहिला दिवस तिने काही खाल्लं नाही. मामीने जबरदस्तीने चोचीत पाणी ओतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. पसरट झाकणात पाणी, शेजारी भिजवलेल्या कण्या, एवढंच. दिवसातून दोनदा माशांची अंडी किंवा अळ्या पडल्यात का ते बघायचं. पावसाळ्यात जखमेपेक्षा माशीनेच जास्त कोंबड्या मरतात, असं मामीचं मत. तीन आठवड्यांनी कामट्या सोडल्या. थोडी लंगडते, पण पुढच्या हंगामात खुडूक बसली.

एकूण खर्च जीपच्या भाड्यापेक्षा फार जास्त नाही. म्हणजे दवाखान्यात दहा मिनिटं बघून कोणी हे सांगितलं असतं तर सरकारचं काय जाणार होतं? डॉक्टर कमी आहेत, गावं जास्त आहेत, आधी गाभण म्हैस बघायची, मान्य. पण ‘थांब जरा, मग बघतो’ आणि ‘रस्सा कर’ यात फरक आहे की नाही?

कोंबडीकडे सरकारचं लक्ष जातच नाही असं नाही हं. जातं. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत शंभरेक पक्षी मेले, बर्ड फ्लू निघाला, आणि एक किलोमीटरच्या आतले २५ हजारांच्या आसपास पक्षी मारायचं ठरलं. ते करायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एच५एन१ म्हणजे गंमत नाही. पण एरवी वर्षानुवर्षं जिच्याकडे कोणी बघत नाही, ती कोंबडी यंत्रणेला दिसते ती मारायच्या यादीतच. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ च्या साथीत, राज्याने भरपाई ठरवली होती: आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये. गावठीचा बाजारभाव तुम्हाला ढाब्याच्या बिलावरून माहीत आहेच.

कायदा तर आणखी मजेशीर. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा माणूस सोडून प्रत्येक जिवाला लागू आहे, म्हणजे कोंबडीलाही. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. ट्रेकची पार्किंग फी याहून जास्त असते राव.

आता तुमचा हुकमी एक्का. ‘तू स्वतः चिकन खातोस ना?’ खातो. आवडीने खातो. मामीही खाते, तिच्याच कोंबड्या कापून खाते. पण कोंबडी एका झटक्यात कापणं आणि मोडक्या पायाने दोन दिवस गोठ्याच्या कोपऱ्यात तडफडत ठेवणं, या दोन गोष्टी एक नाहीत. पोट फाटलंय, आतडी बाहेर आहेत, तर ताबडतोब मारणं हाच उपचार, आणि हे गावातल्या कुठल्याही बाईला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. माझा राग आहे तो ‘शेवटी खायचीच आहे’ म्हणून काहीच न करण्यावर. जानेवारीत मांज्यात अडकलेल्या घारीसाठी मुंबईत फायर ब्रिगेडची शिडी येते, आपण फोटो टाकतो, डोळे पुसतो. छानच आहे ते. पण जिची पिल्लं ती घार उचलते तिच्यासाठी साधी पट्टी मागितली तर हसू का येतं?

एक गोष्ट मात्र घोळात घेऊ नका. जखमी कोंबडी वेगळी, आजारी वेगळी. कुत्र्याने धरलं, गाडी लागली, दारात बोट चेमटलं, म्हणजे कारण डोळ्यांसमोर आहे. पण कारण नसताना दोन-चार एकदम मेल्या, मान वाकडी झाली, तुरा काळानिळा पडला, तर मायेने उचलून घरात आणायचं नाही. हात लावायचा नाही, पशुसंवर्धनवाल्यांना कळवायचं. मानमोडी असेल किंवा त्याहून वाईट काही. आणि माणसांच्या अँटिबायोटिकची अर्धी गोळी कोंबडीला चारायची नाही, तो अंश अंड्यातून आपल्याच पोटात येतो.

बाकी गाडीखाली आलीच, तर नोट द्या, पण कोंबडी कोणाची आहे ते विचारून त्या बाईच्या हातात द्या, आणि ‘दवाखान्यात सोडू का?’ हेही विचारा. भोकं पाडलेला बुटांचा खोका पुरतो. १९६२ हा जनावरांच्या दवाखान्याचा टोल-फ्री नंबर सेव्ह करून ठेवा.

आणि पशुसंवर्धन खात्यात कोणी ओळखीचं असेल तर एक निरोप द्या. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाची यात्रा भरते, खांबलिंगेश्वराची. बैलांचा मोठा बाजार असतो, आसपासच्या सगळ्या तालुक्यांतून माणसं येतात. तिथे एका कोपऱ्यात एक टेबल टाका. एक डॉक्टर, चार कामट्या, आयोडीनची बाटली, आणि मोडका पाय कसा बांधायचा ते दाखवायला एक कोंबडी (धडधाकटच आणा!). घोंगड्या घ्यायला आलेल्या बायका टेबलाभोवती गर्दी करतील, लावा पैज.