घर विकायचे, पण पडत्या भावाने नाही



जतच्या यल्लम्मा देवीच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. बैल विकायला आणणारा शेतकरी आधी त्याला धुतो, शिंगे साळतो, रंगवतो, गोंडे बांधतो आणि मग दावणीला उभा करतो. तोंडातून भाव काढण्यापूर्वी बाजारात दोन फेऱ्या मारून शेजारच्या बैलांची काय बोली चालली आहे ते ऐकून येतो. तोच माणूस घर विकायला निघाला की जाळी-जळमटे तशीच, उतारा वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि पहिला दलाल सांगेल तो भाव पक्का!

हे लिहिण्याचे कारण असे की, मध्यंतरी आमच्या वस्तीतील एक ताई संध्याकाळी घरी आल्या. पती वारले, मुलगी पुण्याला नर्सिंग शिकते, ताईंना भावाच्या आधाराने मिरजेला जायचे आहे. ७२० चौरस फूट जागा, त्यात १९९८ साली बांधलेल्या दोन खोल्या, वर पत्रा. दलालाने साडेचार लाख सांगितले. "दादा, आपल्या गल्लीत याहून जास्त कोण देणार, असं तो म्हणतो. खरं आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही स्वतः २००९ साली चुकीचे दिले होते. वडिलांचे घर विकायला काढले तेव्हा दलाल म्हणाला, बाबासाहेबांची तसबीर तेवढी भिंतीवरून उतरवा, बाहेरचे गिऱ्हाईक बिचकते. आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासणारे. पण निमूटपणे उतरवली. आईने ती नऊवारीत गुंडाळून पेटीत ठेवली. गिऱ्हाईक आले. पिवळ्या पडलेल्या भिंतीवर तसबिरीच्या जागी पांढरा चौकोन राहिला होता, त्याकडे पाहून ते हसले. गल्लीचे नाव काढून त्यांनी वीस हजार कमी केले ते केलेच. आठ महिन्यांनी त्याच घराला चुना मारून, नळ घेऊन त्यांनी ते जवळजवळ दीडपट किमतीला दुसऱ्यास दिले. आई आजही त्या गल्लीतून जात नाही.

म्हणून ताईंना सांगितले, अडगळ काढा, जुनी कॅलेंडरे काढा, तसबीर राहू द्या. घर सोडाल त्या दिवशी शेवटी ती काढून सोबत न्या. ज्याला तसबीर खुपते तो पूर्ण भाव देणारा नसतोच. तो लवकर परत गेलेला बरा.

आता कागद. घराची खरी डागडुजी इथे असते. ताईंचा उतारा सासऱ्यांच्या नावावर निघाला. वारस नोंद झाल्याशिवाय खरेदीखत होत नाही आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर ही धावपळ सुरू केली की भाव तेथेच पडतो. हिंदू वारसा कायदा, १९५६ आपल्या बौद्ध समाजालाही लागू आहे. म्हणजे सासऱ्यांच्या मुलींचा, ताईंच्या नणंदांचाही, हिस्सा आहे. त्यांची सही लागेल, आणि आमचे स्पष्ट मत आहे की सहीबरोबर हिस्साही द्यावा. बहिणीला साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याची रीत आपण तरी चालवू नये.

ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हा करआकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली गेली. ज्या गावी ते काम पुरे झाले तेथे मिळकत पत्रिका मिळते, ती काढून ठेवावी. घर सरकारी घरकुल योजनेतील असेल, किंवा जागा जुन्या महार वतनाची असेल, तर आधी तहसील कचेरीत विचारावे. वतने १९५८ च्या कायद्याने गेली, पण त्या जमिनी विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व नजराणा लागतो. तो न भरता केलेले व्यवहार पुढे अंगाशी आले आहेत. उताऱ्यावर वस्तीचे जुने जातिवाचक नाव असेल तर तेही बदलून मागा. अशी नावे काढून टाकण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे. घरपट्टी, पाणीपट्टी व वीजबिल भरून पावत्या एका पिशवीत ठेवल्या की झाले.

घरावर खर्च बेताचा करावा. नवीन फरशी बसवू नका, घेणारा ती उखडून आपल्या आवडीची घालतो. पत्र्याच्या खिळ्यांची भोके डांबराने बुजवा, दाराच्या बिजागऱ्यांना तेल द्या, चुन्याचा हात मारा. भिंतीला ओल असेल तर ती रंगाखाली लपवू नका; कारण शोधून बुजवा, नाहीतर सांगून टाका. जतमध्ये येणारा माणूस मात्र भिंतीआधी पाणी पाहतो. ताईंच्या मागल्या दारी हौद होता, पण त्यात भंगार भरलेले! तो रिकामा करून घासला, भेग सिमेंटने भरली. गिऱ्हाइकाला नळाला पाणी येते त्याच दिवशी बोलवा, हौद भरलेला दिसू द्या. रंगाच्या चार डब्यांनी होत नाही ते काम भरलेला हौद करतो.

आता भावाचा हिशेब. आम्ही तीन बाजूंनी करतो. एक, सरकारी बाजारमूल्याचा तक्ता, ज्याला रेडी रेकनर म्हणतात. दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा, किंवा शिकणाऱ्या मुलाला मोबाईलवर काढायला सांगा. व्यवहार त्याहून कमी रकमेचा दाखवला तरी मुद्रांक शुल्क त्या तक्त्यावरच बसते. दोन, गल्लीत व शेजारच्या गल्लीत अलीकडे काय विकले गेले. इंडेक्स टूची नक्कल मिळते. त्यातला आकडा कधी कधी कमी लिहिलेला असतो, म्हणून घेणाऱ्या-देणाऱ्यांकडेही चौकशी करावी. तीन, जागा वेगळी व बांधकाम वेगळे धरून बेरीज. ताईंची जागा चौकशीअंती ६०० रुपये फुटाने ४ लाख ३२ हजार. ४०० फूट बांधकाम आज नव्याने करायचे तर गवंड्याने १,४०० चा दर सांगितला, म्हणजे ५ लाख ६० हजार. सत्तावीस वर्षांचा घसारा म्हणून निम्मे वजा केले, उरले २ लाख ८० हजार. एकूण ७ लाख १२ हजार. (हे आकडे त्या एका घराचे आहेत, आपल्या घराला लावू नयेत.) दलालाचे साडेचार लाख म्हणजे नुसत्या जागेची किंमत झाली, भिंती फुकट!

तोंडची किंमत सात लाख, मनातली सव्वासहा. दोन्हींत याहून मोठे अंतर ठेवू नये. २०२० साली आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी गाजली होती. मालकाने दीड कोटी सांगितले, कारण त्याला मेंढा विकायचाच नव्हता. आपल्याला विकायचे असेल तर दीड कोटी सांगून चालत नाही. घर वर्षभर पडून राहिले की लोक म्हणतात, त्यात काहीतरी खोट असणार.

ताईंची एक चूक मात्र झाली होती. मुलीच्या फीची तारीख त्यांनी दलालाला सांगितली होती. गरज व तारीख कोणाला सांगू नये. घाईत जून गाठण्यापेक्षा ऊसतोडीवरून माणसे परत आली, डाळिंब-बेदाण्याचे पैसे हातात आले, अशा दिवसांत घर दाखवावे. फीसाठी नणंदेने तात्पुरते पैसे दिले. हिस्सा मिळणार हे तिला कळले होते ना!

इसार घ्याल तो लेखी घ्या. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम घराच्या व्यवहारात रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, म्हणून पैसे बँकेतून घ्या आणि पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच किल्ली द्या. घेणाऱ्याला हेही सांगा की, राहते घर पत्नीच्या नावावर घेतले तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्याचे चार पैसे वाचले तर ते तुमच्याकडून कापायचा त्याचा हट्ट कमी होतो.

गेल्या रविवारी एक शिक्षक पती-पत्नी घर पाहून गेले. हौद पाहिला, पावत्या पाहिल्या, तसबिरीखाली बसून चहा घेतला. पाच लाख नव्वदवर आले आहेत. ताईंनी अजून होकार दिलेला नाही.