एकटा कशाला गेला?

डोंगरात कुणी घसरलं, हरवलं, दरीत सापडलं की बातमीखालचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : एकटा कशाला गेला? मेलेल्या माणसाला हे विचारून काही उपयोग नसतो. पण जिवंत माणसं तो प्रश्न ऐकतात आणि त्यातून एक धडा घेतात. मी घेतलेला धडा असा होता : जायचं असेल तर सांगायचं नाही. या धड्यापायी एका डिसेंबरात मी पाटणादेवीच्या जंगलात अडीच तास सुजलेला घोटा धरून बसलो होतो, आणि मी नेमका कुठे आहे हे जगात एकाही माणसाला माहीत नव्हतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. एकट्याने डोंगर चढणं हा गुन्हा नाही आणि वेडेपणाही नाही. धोक्याचं आहे ते चोरून चढणं. आणि चोरून चढायला आपणच लावतो. घरचे, मित्र, व्हॉट्सॲपवरचे काका आणि बातमीखाली शहाणपण सांगणारे, सगळे मिळून.

मी चाळीसगावचा. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, आता कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे चालण्याला कुणाची ना नाही. चैत्रात खानदेशातून माणसं उन्हातान्हात सप्तशृंगीच्या गडावर पायी जातात, माझे मामा कितीतरी वर्षं गेले. पण ते चालणं सगळ्यांनी मिळून करायचं असतं. दिंडी असते, झेंडा असतो, वाटेत गावोगावी चहा असतो. एकटा माणूस नुसता चालायला निघाला की लोकांना दोनच शक्यता दिसतात : याचं घरी भांडण झालंय, नाहीतर याचं कुणाशी जुळलंय.

एकटं चालणं मी शिकलो ते स्कॉटलंडमध्ये. कंपनीने एका प्रोजेक्टसाठी मला आठ महिने एडिंबराला पाठवलं होतं. हिवाळा लागला, साडेतीनलाच अंधारून यायला लागलं आणि खोलीत बसून मला वेड लागायची पाळी आली. एका फेब्रुवारीच्या शनिवारी शिहॅलियन नावाच्या डोंगरावर जायचं मी ठरवलं. उंची १,०८३ मीटर. आकड्यात आपल्या कळसूबाईपेक्षा पाचेकशे मीटरने कमी, पण वर बर्फ. त्याआधी एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं होतं : बुटांना क्रॅम्पॉन कसे बांधायचे, बर्फावरून घसरायला लागलो तर कुऱ्हाड रोवून स्वतःला कसं थांबवायचं.

ऑफिसात माझ्या शेजारी साठीला आलेली एक बाई बसायची. तिला सांगितलं, एकटाच जातोय. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, कारण आता प्रवचन येणार याची खात्री होती. तिने प्रवचन दिलं नाही. एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, लिही. गाडी कुठे लावणार, कुठल्या वाटेने चढणार, कुठल्या वाटेने उतरणार, किती वाजता मागे वळणार, आणि किती वाजेपर्यंत तुझा फोन आला नाही तर मी पोलिसांना कळवायचं. मग म्हणाली, हवा चांगली मिळो.

या डोंगराला विज्ञानाच्या इतिहासात मोठी जागा आहे. १७७४ साली नेव्हिल मॅस्केलाइन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने तिथे तळ ठोकला आणि डोंगराच्या वस्तुमानामुळे ओळंबा किती बाजूला ओढला जातो ते मोजलं. त्यावरून पृथ्वीच्या घनतेचा अंदाज काढला गेला. आकडेमोड चार्ल्स हटन नावाच्या गणितज्ञाने केली, आणि ती करताना सारख्या उंचीचे बिंदू त्याने नकाशावर रेषांनी जोडले. आज ट्रेकिंगच्या नकाशात ज्या समोच्च रेषा बघून आपण वाट ठरवतो, त्यांच्या सुरुवातीच्या वापरांपैकी हा एक.

मी त्या रेषा बघत चढत होतो. खालचा निम्मा रस्ता सोपा होता. वर बर्फाखाली नुसते दगडच दगड होते आणि कुठला पाय कुठल्या फटीत जाईल याचा भरवसा नव्हता. मग ढग खाली आले. आकाश पांढरं, जमीन पांढरी, मधली रेघच पुसली गेली. माथा नकाशावर जवळ दिसत होता. पण घड्याळात साडेबारा वाजले होते आणि कागदावर मागे वळायची वेळ साडेबाराच लिहिलेली होती. मी वळलो. कुणी हसलं नाही, कुणी "एवढं आलोच आहोत तर" म्हणालं नाही, कारण म्हणायला कुणी नव्हतंच. गाडीत बसून मेसेज टाकला. तिचं एका शब्दाचं उत्तर आलं.

स्कॉटलंडचं कौतुक सांगून आपल्याला नावं ठेवायची, हा या लेखाचा उद्देश नाही. तिथेही माणसं दर हिवाळ्यात मरतात, एकटी मरतात आणि घोळक्यातही मरतात. मात्र तिथे एकट्याने जाणं ही लपवायची गोष्ट नाही, म्हणून त्याभोवती व्यवस्था उभी राहिली आहे. डोंगरात फिरण्याचा हक्क २००३च्या कायद्याने दिलेला आहे, आणि तो जबाबदारीने वापरायचा हेही त्यातच लिहिलेलं आहे. हिवाळ्यात काही भागांसाठी हिमस्खलनाचा अंदाज रोज निघतो. अडकलेल्याला आणायला जाणारी पथकं स्वयंसेवकांची असतात आणि ती पैसे घेत नाहीत. ती पथकं एकट्याला रागावतही असतील. पण आधी शोधतात, आणि शोधता येतं कारण कुठेतरी कागद असतो.

आता पाटणादेवी. चाळीसगावपासून अठराएक किलोमीटर, गौताळा अभयारण्याचा आमच्या बाजूचा पायथा. तिथल्या देवळातला शिलालेख आम्हाला शाळेपासून अभिमानाने सांगितलेला असतो : भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. वर गेलं की धवलतीर्थाचा धबधबा, आणि त्याच्या वरच्या अंगाला, कन्नड तालुक्याच्या हद्दीत, पितळखोऱ्याची दोन हजार वर्षांहून जुनी लेणी. बहुतेक लोक कन्नडच्या बाजूने गाडी वरपर्यंत नेतात आणि पायऱ्यांनी लेण्यांत उतरतात. मला खालून जंगलातल्या पायवाटेने चढून जायचं होतं. सुट्टीला घरी आलो होतो, थंडी कडक पडली होती, आणि मला एकट्यालाच जायचं होतं.

आईला सांगितलं, चौघं मित्र मिळून जातोय.

एडिंबराला परक्या बाईजवळ मी मिनिटामिनिटाचा हिशेब लिहून दिला होता. जन्मदात्या आईशी खोटं बोललो. कारण खरं सांगितलं असतं तर आधी नाही म्हटलं असतं, मग रडारड, मग मामांचा फोन, मग शेजारच्या पोराला बळेच बरोबर धाडलं असतं. खोटं बोलणं सोपं होतं. आईने पहाटे उठून चौघांपुरतं भरीत केलं, चौघांपुरत्या पुऱ्या तळल्या आणि डबा मोटारसायकलला बांधून दिला.

जंगलाच्या कडेला एक म्हातारा गुराखी भेटला. "कथा जाई राह्यना रे भाऊ? एकलाच शे का?" मी हो म्हणालो. त्याच्याशी खोटं बोलायची गरज वाटली नाही. तो बरं म्हणाला आणि गुरांमागे गेला.

पुढे मी चुकीच्या घळीत शिरलो. नकाशा होता, पण सागाच्या वाळक्या पानांत पायवाट दिसेना आणि दगडाच्या फटीवर पानांचा थर होता. पाय आत गेला. बर्फाखालच्या दगडांना मी जितका घाबरलो होतो तितका या पानांना घाबरलो नव्हतो, कारण हे "आपलं" जंगल. मोबाईलला रेंज नव्हती. पाण्याची एक बाटली होती आणि चौघांचं जेवण. माणूस घाबरला की भलताच विचार करतो. मी विचार करत होतो की शोधायला कुणी आलंच तर ते चौघांना शोधतील. ज्या मित्रांची नावं मी घेतली होती त्यांना आई फोन लावेल, ते घरीच सापडतील, आणि मग माझ्याविषयी काय काय शंका घेतल्या जातील. पाटणादेवीचं नावही मी घेतलं नव्हतं. "कन्नड घाटाकडे" एवढंच बोललो होतो.

दुपार कलली तेव्हा खालून हाक आली. तोच म्हातारा. "सकायले गया, आजून उना नही, म्हनीसन देखाले उनू." डबा बघून म्हणाला, "बाकीना कथा शेतस?" बाकीचे नव्हतेच. आम्ही दोघांनी पुऱ्या खाल्ल्या, त्याने मला काठी दिली आणि खांदा दिला.

त्या माणसाने जे केलं तेच माझ्या धंद्यात आम्ही रोज करतो. एखादा सर्व्हर इतर दहांच्या सोबत ठेवलाय म्हणून तो सुरक्षित आहे, असं आम्ही कधी धरत नाही. तो ठरल्या वेळी "मी आहे" असं कळवतो का, ते बघतो. वेळ टळली की अलार्म वाजतो. गुराख्याकडे माझी वेळ होती, म्हणून तो आला. माझ्या घरी ती नव्हती.

यावर नेहमीचं उत्तर येतं : ग्रुपने गेला असतास तर हे झालंच नसतं. घोटा तरीही मुरगळला असता. सोबत असती तर मदत लवकर मिळाली असती, हे मात्र शंभर टक्के मान्य. सोबत्याची किंमत मी कमी करत नाही. पण "ग्रुप" म्हणजे सोबत, हे कुणी ठरवलं? शनिवार-रविवारी बसमधून उतरणाऱ्या, एकमेकांची आडनावंही ठाऊक नसलेल्या चाळीस जणांना मी सोबत म्हणत नाही. गर्दीतला माणूस विचार करायचं काम गर्दीवर सोपवतो. सगळे पाण्यात उतरलेत ना, मग चालतंय. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती एकटी नव्हती, आजूबाजूला माणसंच माणसं होती. तेव्हा कुणी विचारलं नाही, "एवढे जण मिळून कशाला गेले?"

आणि एकटं जाणं धाडस कधी ठरतं, तेही बघा. तो गुराखी आयुष्यभर त्या जंगलात एकटा जातोय. त्याला कुणी "सोलो" म्हणत नाही, बेजबाबदारही म्हणत नाही. २०१७च्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यात गिरणाकाठी बिबट्याने माणसं मारली. ती कुणी ट्रेकर नव्हती, शेतशिवारात राहणारी, राबणारी माणसं होती. त्या भीतीतही कापूस वेचायला जावंच लागत होतं. पोटासाठी एकटं गेलं तर ते काम, मनासाठी गेलं तर चूक. आपल्याला धोक्याची काळजी असती तर ती आधी त्या शेतात पोचली असती. माणूस आपल्या मर्जीने, कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं काहीतरी करतोय, याचीच आपल्याला जास्त अडचण आहे.

याच चाळीसगावात स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस नावाचा छायाचित्रकार राहत होता. १९८९ साली वारला. आयुष्याची कितीतरी वर्षं तो घराबाहेर पडला नाही, आणि टेबलावर वस्तू मांडून त्याने जगभर नावाजलेली छायाचित्रं काढली. आज आम्ही पाहुण्यांना त्याचं कलादालन दाखवतो आणि तो कुणाची वाट बघत होता याच्या दंतकथा सांगतो. एकटेपणाला कारण म्हणून प्रेमभंग लागतोच. माणसाला नुसतं एकटं राहावंसं वाटलं, हे आम्हाला पुरत नाही.

माझ्या मावसबहिणीने या लेखाचा खर्डा वाचला. म्हणाली, तुला खोटं बोलून सुटता तरी येतं. मी बोलले तर उरलेली सगळी दारं बंद. तिला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच दिसतं की बंदी जितकी कडक, तितका जाणारा जास्त लपणार आणि तितकाच उशिरा सापडणार.

म्हणून मागणं साधं आहे. भास्कराचार्यांच्या गणिताचा अभिमान आहे ना, मग परतीच्या वेळेचं गणित मुलांना शिकवा. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला नियम सातवीच्या मुलालाही जमेल : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक. आपल्या उन्हात त्यात भर घाला. गडांच्या पायथ्याशी ज्या वह्यांत मी सह्या केल्यात त्यांत नाव, गाव, मोबाईल विचारलेला असतो. त्यात "परत कधी येणार" हा एक रकाना वाढवा, आणि संध्याकाळी तो कुणीतरी वाचा. अभयारण्याचे नियम पाळायलाच हवेत, जिथे बंदी आहे तिथे कुणीच जाऊ नये, एकट्याने नाही आणि चाळीस जणांनीही नाही. महाराष्ट्रातही अडकलेल्यांना सोडवणारे गिर्यारोहक स्वयंसेवक आहेत, त्यांच्या समन्वय केंद्राची चोवीस तासांची हेल्पलाइन आहे. तो नंबर जाणाऱ्याच्या मोबाईलमध्ये असतो. तो घरी राहणाऱ्याकडे हवा, कारण जाणाऱ्याला रेंज नसते.

घोटा बरा व्हायला दीड महिना लागला. खरं काय ते मी आईला चौथ्या दिवशी सांगितलं. ती एकटं जाण्यावरून चिडली नाही. पुऱ्यांवरून चिडली. चार जणांच्या तळल्या मी, म्हणाली, आणि तू खुशाल घेऊन गेलास.

या डिसेंबरात पुन्हा गेलो. आदल्या रात्री कागद लिहून तिच्यापुढे ठेवला : वाट, वेळ, मागे वळायची वेळ, हेल्पलाइनचा नंबर. तिने चष्मा लावून दोनदा वाचला. तिला ते पसंत नव्हतं, अजूनही नाही. पण "एकटा कशाला" हे तिने विचारलं नाही. विचारलं, "चारपर्यंत फोन नाही आला, तर चारलाच लावू का यांना, का अर्धा तास थांबू?"

मी म्हणालो, चारलाच लाव.