हिरव्या रोपाची साक्ष



शेतकऱ्याच्या घरी जमिनीची पारख पिढ्यान् पिढ्या डोळ्यांनी व हातांनी होत आली आहे. पीक जोमदार असले, पान हिरवेगार असले आणि लोंबी दाण्यांनी भरली, म्हणजे जमीन निकोप आहे असे आपण मानतो. हा समज बहुतांशी खरा आहे. परंतु एका बाबतीत तो घात करतो. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांसारखी जड द्रव्ये मातीत मिसळली, म्हणजे रोप त्यांतील कोणते अडविते, कोणते आत घेते व कोठे साठविते, हे या वेळी आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो. विषय शास्त्राचा खरा. पण त्याचे एक टोक आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचते.

यासाठी जपान देशातील एका खोऱ्याची हकिकत सांगणे अवश्य आहे. तेथे तोयामा नावाच्या प्रांतातून जिंझू ही नदी वाहत जाऊन समुद्रास मिळते. तिच्या वरच्या अंगास, डोंगरात, कामिओका येथे जस्त व शिसे यांची मोठी खाण होती. खनिज धुऊन उरलेला गाळ नदीत जाई, आणि तेच पाणी पाटांवाटे खालच्या भातखाचरांत शिरे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून या खोऱ्यात एक विलक्षण दुखणे दिसू लागले. प्रथम कंबर व मांड्या दुखत. मग चाल बदकासारखी डुलती होई. पुढे हाडे इतकी ठिसूळ होत की नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडे. रोगी बहुतकरून चाळिशीच्या पुढच्या स्त्रिया, अनेक लेकरांच्या माता. त्या अंथरुणात पडून 'इताई, इताई' म्हणजे 'दुखते, दुखते' असे कण्हत, म्हणून रोगाचे नावच 'इताई-इताई' पडले.

कोणी म्हणे हा निकृष्ट आहाराचा परिणाम, कोणी म्हणे अतिकष्टाचा. नोबोरू हागिनो या तेथल्याच डॉक्टरांनी १९५७ साली खाणीकडे बोट दाखविले, आणि १९६१ पर्यंत अपराधी द्रव्याचे नावही निश्चित झाले: कॅडमियम. जस्ताच्या खनिजात हा धातू अल्प प्रमाणात असतोच. १९६८ साली जपान सरकारने हे कारण मान्य केले, आणि १९७१ व १९७२ साली खालच्या व वरच्या अशा दोन्ही न्यायालयांनी खाणीच्या चालकांस जबाबदार ठरविले.

आता मुख्य प्रश्न असा की, इतकी वर्षे भाताने काहीच कसे सांगितले नाही? खाणीच्या पाण्याने पीक खुरटते, अशी तक्रार शेतकरी करीत असत. परंतु जे पीक तगे, ते दिसावयास इतर भातासारखेच असे. त्याचा भात शिजे, मुलेबाळे जेवत, आणि रंगात, वासात वा चवीत कसलाही फरक पडत नसे.

याचे मर्म मुळांत आहे. रोपास जस्त, लोह, तांबे, मँगनीज हे धातू अल्प प्रमाणात हवेच असतात. ते आत घेण्यासाठी मुळांच्या पेशींना जणू निरनिराळी दारे असतात. कॅडमियम रोपाच्या काहीच उपयोगाचे नाही; तथापि त्याची ठेवण या उपयोगी धातूंशी इतकी मिळतीजुळती आहे की दारावरची पारख फसते. भाताच्या बाबतीत ते मुख्यत्वे मँगनीजच्या दाराने आत शिरते, हे २०१२ साली सिद्ध झाले. शिसे मात्र बहुधा मुळांशीच अडकून राहते. वरच्या पानांत व दाण्यांत ते फारसे चढत नाही.

विष आत शिरले म्हणजे रोप स्वस्थ बसत नाही. गंधक असलेल्या लहान प्रथिनांसारख्या साखळ्या ते तयार करते, आणि त्यांत धातूचे कण बांधून टाकते. या साखळ्यांना फायटोकेलेटिन म्हणतात; १९८५ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी त्या प्रथम ओळखल्या. बांधलेला धातू मग पेशीच्या आतील पाण्याच्या पोकळीत कोंडला जातो, जसे विषारी औषध आपण घरात कुलूपबंद फडताळात ठेवावे. ज्या जातीचे मूळ हे कुलूप नीट लावते, तिच्या दाण्यात विष कमी चढते. ज्या जातीत कुलूपच नादुरुस्त, तिच्यात अधिक. २०१० साली जपानी शास्त्रज्ञांनी हा भेद दाखवून दिला, तेव्हा अधिक विष चढविणारी जी जात त्यांनी अभ्यासली, तिचे नाव 'अंजना धान' होते. एकाच खाचरात दोन जाती शेजारी लावल्या, तरी दोन्हींचा दाणा सारखा निर्दोष नसतो, असा याचा अर्थ.

येथे एक गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. जस्त किंवा तांबे मातीत फार झाले, तर रोप आधी पिवळे पडते, मुळे आखूड व तपकिरी होतात, पीक बुडते. शेतकऱ्याचे नुकसान होते खरे, परंतु ते धान्य ताटात येत नाही. रोप स्वतः मरून मनुष्यास वाचविते. कॅडमियमचे उलट आहे. ज्या प्रमाणाने रोपास काहीच इजा होत नाही, त्याच प्रमाणाने ते धान्य वर्षानुवर्षे खाणाऱ्या मनुष्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. एकदा शरीरात शिरलेले कॅडमियम दशकेच्या दशके तेथेच राहते. मूत्रपिंड बिघडले म्हणजे हाडांस लागणारी द्रव्ये लघवीवाटे वाहून जातात. ज्या शरीरात लोह कमी असते, ते अन्नातील कॅडमियम अधिक शोषून घेते. वारंवारच्या बाळंतपणांनी ज्यांच्या अंगचे लोह आटले होते, त्या मातांवरच हा घाला का पडला, हे यावरून पुष्कळसे उमगते.

पाण्याचाही यात मोठा वाटा आहे. खाचर भरलेले असते तेव्हा मातीत हवा राहत नाही, आणि कॅडमियम गंधकाशी जखडून न विरघळणारे होते. कापणीपूर्वी पाणी काढून जमीन सुकविली की ते पुन्हा मोकळे होते व मुळांस सापडते. म्हणून जपानात दूषित जमिनीवर लोंबी बाहेर पडण्यापूर्वी तीन आठवडे व नंतर तीन आठवडे खाचरात पाणी राखण्याची रीत घालून दिली आहे. परंतु आर्सेनिकचा स्वभाव याच्या नेमका उलट! ते भरल्या खाचरातच मोकळे होते. एकाचे औषध ते दुसऱ्याचे पथ्य मोडते. म्हणून जमिनीत कोणते विष आहे हे जाणल्यावाचून उपाय करणे व्यर्थ होय.

उलट काही वनस्पती अशा आहेत की त्या विष अडवीत नाहीत, तर हौसेने गोळा करतात. चुन्याच्या जुन्या भिंतींवर उगवणारे एक नेचे मातीतील आर्सेनिक आपल्या पानांत ओढून घेते, असे २००१ साली अमेरिकेत आढळले. न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका वृक्षाचा चीक निळसर हिरवा असतो, कारण वाळलेल्या चिकात सुमारे चौथा हिस्सा निकेल असते. अशा वनस्पती लावून जमीन स्वच्छ करण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु हे काम वर्षानुवर्षांचे आहे; आणि असे पीक गुरांना घातले, शेतात कुजविले किंवा चुलीत जाळले, तर विष फक्त जागा बदलते.

जिंझूच्या खोऱ्यात अखेर कुदळ-फावड्याचाच मार्ग पत्करावा लागला. दूषित थर खाली गाडून त्यावर दुसरीकडची चांगली माती पसरण्याचे काम १९७९ साली सुरू झाले, आणि आठशेहून अधिक हेक्टर जमीन सुधारून ते २०१२ साली संपले. एका नदीकाठची माती नीट करावयास तेहेतीस वर्षे लागली.

हे सारे दूर देशी घडले, असे म्हणून पान उलटण्याजोगी स्थिती नाही. आमच्या हैदराबादकडील वाचकांना मुसी नदी परिचित आहे. शहराच्या सांडपाण्यावर तिच्या काठी गवत, भात व पालेभाज्या पिकतात. आपल्या इतर शहरांच्या नाल्याकाठीही भाजीचे वाफे दिसतात. तेथली प्रत्येक जुडी विषारी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही, आणि त्या मळेवाल्यांच्या पोटावर पाय आणण्याचा आमचा हेतूही नाही. आम्ही इतकेच म्हणतो की जुडीचा हिरवा रंग ही पुरेशी साक्ष नव्हे.

घरोघरी करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. भाजी पुष्कळ पाण्यात धुवावी. त्याने मातीबरोबर आलेले शिसे बरेच जाते, मात्र पानाच्या आत चढलेले कॅडमियम धुण्याने जात नाही. जुन्या बॅटऱ्या व रंगांचे डबे परसात जाळू वा पुरू नयेत, आणि ती राख खत म्हणून वापरू नये. आंबट जमिनीत कॅडमियम अधिक विरघळते, म्हणून तपासणीत जमीन आंबट आढळल्यास सल्ल्याने चुना घालावा. नेहमीच्या माती परीक्षणात जस्त व तांबे यांचे प्रमाण कळते, परंतु शिसे व कॅडमियम यांची तपासणी होत नाही; ती निराळी मागावी लागते. आणि घरातील स्त्रियांच्या ताटात लोह असलेले अन्न पुरेसे पडते की नाही, इकडे घरच्या पुरुषांनी लक्ष द्यावे. सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणाऱ्या आईच्या अंगी लोह कमी पडते, आणि मातीतील विषाला तिच्याच शरीरात वाट अधिक मोकळी मिळते.

पण सर्वांत मोलाचा धडा त्या जपानी गावकऱ्यांनी घालून दिला आहे. १९७२ साली दावा जिंकल्यावर ते नुसती भरपाई घेऊन घरी बसले नाहीत. खाणीत स्वतः शिरून पाहणी करण्याचा हक्क त्यांनी लेखी करारात मिळविला. त्याचा खर्चही चालकांनीच द्यावयाचा. तेव्हापासून दर वर्षी गावकरी व तज्ज्ञ वर जाऊन पाहत आले, आणि नदीतील कॅडमियम उतरत उतरत नैसर्गिक प्रमाणापर्यंत आले. रोपास बोलता येत नाही. त्याच्या वतीने वरच्या अंगास जाऊन 'या पाण्यात काय सोडता?' असे विचारणे, हे खाली राहणाऱ्या माणसांचे काम आहे.