एकटा माणूस आणि गावकी

भविष्यकाळातील भयाण राज्यांची चित्रे रंगविणाऱ्या कादंबऱ्या वर्गात चर्चेला आल्या म्हणजे चर्चा बहुधा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते: व्यक्ती श्रेष्ठ की समष्टी? आणि उत्तरही ठरलेले असते. समष्टी ही चिरडणारी, व्यक्ती ही बंड करणारी. सबब न्याय व्यक्तीच्या बाजूला. हे उत्तर चुकीचे नव्हे, पण अपुरे आहे. ते किती अपुरे आहे, हे गगनबावड्याच्या पावसात उभे राहिल्यावर विशेष ध्यानात येते.

या मुलखात आषाढाची झड लागली की भाताची रोपलावण थोड्या दिवसांत उरकावी लागते. चिखलणी झालेले खाचर कोणासाठी थांबत नाही आणि एका घराच्या हातांनी ते काम निभत नाही. म्हणून पैरा. आज तुझ्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तू. याचा हिशेब वहीत नसतो, स्मरणात असतो. मजुरी आली, यंत्रे आली, तरी घाटमाथ्याच्या शेतकऱ्याला ‘मी माझा समर्थ’ असे म्हणून भागत नाही. त्याच्यापुढे व्यक्तिवादाची महती गाणारा मनुष्य थोडा हास्यास्पदच दिसेल.

पण त्या कादंबऱ्यांतील राज्ये पैऱ्यावर चालतात काय? झाम्यातिनच्या ‘आम्ही’ या १९२०-२१ मध्ये लिहिलेल्या कादंबरीत माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत. हक्स्लेच्या १९३२ मधील राज्यात ‘आई’ हा शब्द अश्लील ठरला आहे. ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये पोटची मुलगी झोपेत बरळणाऱ्या बापाला पोलिसांच्या हवाली करते. या तिन्ही ठिकाणी समूहाचा जयघोष अखंड चालू आहे. मात्र शेजार, नाते, मैत्री यांची मुळे आधीच खणून काढलेली आहेत. तेथील माणूस गर्दीत असूनही विलक्षण एकाकी आहे, किंबहुना तो एकाकी आहे म्हणूनच राज्य करावयास सोपा आहे.

राज्यसत्तेची ही भीती आपल्यालाही अपरिचित नाही. आणीबाणीच्या काळात, १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात, अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि पुढे त्यांना कारावास भोगावा लागला. पण सत्तेला आपली मर्यादा कळत असल्याचा पुरावाही आपल्याच दप्तरात आहे. बावडा ही ज्या अमात्य घराण्याची जहागीर, त्या घराण्यातील रामचंद्रपंतांच्या नावावर असलेल्या १७१५ च्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विचार आला आहे. (हा मजकूर शिवछत्रपतींचे पत्र म्हणून फलकांवर लिहिण्याची आपल्याकडे प्रथा आहे, ती असो.) आरमार ही राज्याची गरज, तरी रयतेने लेकरांसारखी वाढविलेली आंबा-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, एखादे जीर्ण झालेले झाड लागलेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन मग तोडावे, असा त्याचा आशय आहे. एका झाडाच्या मालकाची संमती राज्याच्या प्रयोजनाइतकीच मोलाची मानणारे हे कलम तथाकथित व्यक्तिवाद्यांनी आणि समष्टिवाद्यांनी, दोघांनीही वाचावे असे आहे.

तथापि महाराष्ट्रात माणूस चिरडला जातो तो नेहमी राज्याकडूनच नव्हे. आपल्या भीतिकथेला भिंतीवरचा टेहळणीचा पडदा लागत नाही. गावची बैठक पुरते. वाळीत टाकलेल्या घराशी बोलायचे नाही, दुकानातून जिन्नस द्यायचा नाही, लग्नाला जायचे नाही, तिरडीला खांदा द्यायचा नाही. घाटाखाली कोकणात, रायगड जिल्ह्यात अशा तक्रारी मोठ्या संख्येने पुढे आल्या तेव्हा सारे राज्य खडबडून जागे झाले. ज्या जमावाच्या हातांनी पैरा होतो, त्याच जमावाने हात आखडते घेतले की बहिष्कार होतो. हत्यार तेच आहे. पैऱ्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही.

१९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, जूनमध्ये ऑर्वेलची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने जातिबहिष्कृत करण्यास मनाई करणारा कायदा केला. योगायोग खराच. मात्र १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा बहुमताने घटनाबाह्य ठरविला. धर्मसमूहाला आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था पाहण्याचा जो हक्क आहे, त्यावर तो आघात करतो, हे कारण. बहिष्कृताच्या नागरी हक्कांचा आणि प्रतिष्ठेचा विचार करून सरन्यायाधीश सिन्हा यांनी वेगळा निर्णय लिहिला. पण ते एकटे पडले. ‘व्यक्ती की समष्टी’ हा प्रश्न कादंबरीबाहेर असा सुटला, आणि समष्टी जिंकली.

त्यानंतर अर्धे शतक लोटून महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये संमत केला व २०१७ च्या जुलैत तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. कायदा चांगला आहे. पण फिर्याद गुदरली तरी साक्षीदार त्याच गावातून आणावा लागतो, आणि त्या साक्षीदाराचेही खाचर आषाढात पैऱ्याची वाट पाहत असते.