ब्लेडपुराण

एरोमॉडेलिंगवर लेख म्हटलं की मोटर किती केव्हीची, बॅटरी किती सेलची, प्रॉप कुठला, अशाच गोष्टी वाचायला मिळतात. त्या लिहिणारे आमच्या क्लबात पुष्कळ आहेत, आणि बोलणारे तर त्याहून जास्त. मी लिहिणार आहे ब्लेडबद्दल. हो, ब्लेड! विमानावर चढवलेली कव्हरिंग फिल्म कापायचं ब्लेड. (मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे माझं मराठी वाचताना कुठे ठेच लागली तर सांभाळून घ्या. फिल्मला संपादकांनी ‘आवरणपटल’ असा शब्द सुचवला होता. एवढ्या वजनाने आमचं विमान टेकऑफच घेणार नाही, म्हणून मी नम्रपणे नकार दिला.)

ज्यांनी आमच्या खोलीत कधी डोकावलं नाही त्यांच्यासाठी थोडं. पंखाचा सांगाडा बाल्साच्या रिब्ज आणि स्पारचा. त्यावर एक पातळ, रंगीत प्लॅस्टिकची फिल्म येते, जिच्या पाठीला गोंद असतो. छोट्या इस्त्रीने साधारण १०० अंशांना ती लाकडाला चिकटते आणि १५० च्या आसपास आकसून ढोलकीसारखी ताणली जाते. आधी खालची बाजू, मग वरची, म्हणजे जोड खाली लपतो. आणि कडेने जी जास्तीची फिल्म लोंबत राहते ती कापायची. बस, एवढंच काम.

पण हे ‘एवढंच’ नेहमी शेवटी येतं. स्पर्धेला दोन दिवस उरलेले, रात्रीचे अडीच वाजलेले, जो जागा असेल तो आणि जो कटर सापडेल तो. नाहीतर मग ठरलेलं वाक्य, ‘कव्हरिंग मुलींना द्या रे, त्यांचा हात हलका असतो.’ म्हणजे मोटर माउंट ही इंजिनियरिंग आणि फिल्म कापणं ही रांगोळी! माझा आक्षेप नेमका इथे आहे. फिल्म कापणं हे सजावटीचं काम नाही, ते स्ट्रक्चरचं काम आहे. हे पटत नसेल तर शेपटीकडे बघा.

शेपटीचा आडवा पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, फ्युजलाजमध्ये इपॉक्सीने बसवतात. इपॉक्सीला खाली उघडं लाकूड लागतं. फिल्मवर लावली तर ती फिल्मला धरते, आणि फिल्म लाकडाला धरून असते ती फक्त त्या पातळ गोंदाच्या भरवशावर. म्हणून स्टॅबिलायझरच्या मधला पट्टा वरून आणि खालून, दोन्हीकडून कापून काढावा लागतो. आता हा काप येतो कुठे? बरोबर फ्युजलाजच्या कडेला. म्हणजे कॅन्टिलिव्हरच्या मुळाशी, जिथे बेंडिंग मोमेंट सगळ्यात जास्त. बाल्साचे तंतू पंखाच्या लांबीने धावतात आणि आपला काप त्यांना आडवा. समजा शीट ३ मिलिमीटरची आहे आणि वरून-खालून अर्धा-अर्धा मिलिमीटर ब्लेड लाकडात गेलं. उरली जाडी २. सेक्शन मॉड्युलस जाडीच्या वर्गावर जातो, म्हणजे ९ चे ४ झाले. ताकद निम्म्याहून कमी! आणि त्या खाचेपाशी स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन होतं ते वेगळंच. एसओएमच्या पेपरात हे गणित आपण सगळेच सोडवतो, टेबलावर विसरतो.

गेल्या वर्षी एका टीमच्या विमानाचा स्टॅबिलायझर लूपमधून बाहेर येताना तुटला. पुढचं काय ते ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल, खड्डा बराच खोल होता. तो तुकडा मी हातात घेऊन पाहिला. तुटलेली कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. बाल्सा असा मोडत नाही हो, तो दातेरी मोडतो. तयार विमानांच्या किटमध्ये जी माहितीपुस्तिका येते, तिच्यात याच पायरीला इशारा असतो की लाकूड कापू नका. पण पुस्तिका वाचतं कोण? आपण तर थेट स्क्रू शोधायला लागतो.

तर हत्यार निवडताना माझा प्रश्न एकच असतो, फिल्मच्या खाली काय आहे?

खाली काहीच नसेल, म्हणजे ट्रेलिंग एज किंवा विंगटिपच्या बाहेर फिल्म लोंबते आहे, तर साधं दाढीचं ब्लेड. हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर मिळतं. त्याची जाडी फक्त ०.१ मिलिमीटर, कुठल्याही कटरच्या पात्यापेक्षा पातळ, आणि लवचीक असल्यामुळे कडेला चिकटून चालतं. कागदातच वाकवून उभे दोन तुकडे करायचे आणि धरायच्या बाजूला टेप गुंडाळायचा. कड आधी इस्त्रीने नीट सील करायची, मग फिल्म गार होऊ द्यायची. गरम फिल्म कापली जात नाही, ताणली जाते. दुसऱ्या हाताने उरलेली पट्टी बाहेर खेचून धरायची, म्हणून सुरुवातीला कात्रीने कापताना चांगली तीन-चार बोटं फिल्म जास्त ठेवावी. इथे कंजुषी केली की धरायलाच काही उरत नाही.

कोपरे, हॅच, हिंजच्या फटी, असल्या अडचणीच्या जागी सर्जिकल ब्लेड नंबर ११. टोकदार आणि सरळ धारेचं. सर्जिकलच्या दुकानात मिळतं. मात्र हँडल ३ नंबरचं घ्या. ४ नंबरच्या हँडलवर ते बसत नाही, त्यावर २२ सारखी मोठी पाती बसतात. आणि काढताना बोटांनी नाही, नोज प्लायरने.

पण खाली लाकूड असेल, तेही भार घेणारं, तर ब्लेड नकोच. तिथे माझं मत सोल्डरिंग आयर्नला. आपल्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये असतो तो २५ वॅटचा, बारीक टोकाचा. दाब न देता, न थांबता ओढत न्यायचा. फिल्म वितळून दुभंगते, तिची कड तिथेच लाकडाला चिकटते. लाकडाला फार तर तपकिरी रेघ उमटते, तंतू शाबूत. पेन्सिलने आखलेल्या रेषेच्या साधारण २-३ मिलिमीटर आत कापायचं, म्हणजे फिल्मची कड फ्युजलाजच्या आत जाते आणि बाहेरून लाकूड दिसत नाही. आधी रद्दी तुकड्यावर हात बसवा आणि खिडकी उघडी ठेवा, धूर चांगला नसतो. या कामाचं बिट वेगळं ठेवावं, नाहीतर पुढच्या सोल्डरिंगला त्यावरची घाण त्रास देते. रेघ थोडी वाकडी येईल. येऊ दे.

राहिली नक्षी, म्हणजे पट्टे आणि नंबर. ते विमानावर ठेवून कापायचेच नाहीत. मागच्या कागदासकट कटिंग मॅटवर कापून मग चिकटवायचे. काचेवरही काप स्वच्छ येतो, पण काच पात्याचं टोक लगेच खाते.

आता आपला लाडका कटर. पातं मोडून नवं टोक काढायचा कटर १९५६ मध्ये जपानमध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी काढला. चॉकलेटच्या वडीच्या खाचा आणि फुटक्या काचेची धार यांवरून त्यांना तो सुचला म्हणतात. पुढे त्यांच्या कंपनीचं नावही ओल्फा, म्हणजे ‘मोडायचं पातं’ अशा जपानी शब्दांवरून. आणि आपण? आपल्या क्लबातल्या कटरचं पातं फर्स्ट इयरपासून बीईपर्यंत एकच! मोडायच्या रेषा असतात हे काही जणांना ठाऊकच नाही. बोथट पातं फिल्म कापत नाही, ओढतं. मग माणूस जोर देतो, आणि जोर दिला की ते फिल्ममधून एकदम लाकडात घुसतं, नाहीतर बोटात.

यावर सिनियर मंडळींचं म्हणणं असतं की हात बसला की कशानेही कापता येतं. मान्य, त्यांचा हात बसलेला आहे. पण तो ज्या विमानांवर बसला ती आज कुठे आहेत हे त्यांनीच सांगावं. उलट दुसरं टोकही मला पटत नाही. कडेला समांतर पट्टी कापणारी खास परदेशी हत्यारं मिळतात, ती मागवायची टूम दर वर्षी निघते. चांगली असतील. पण त्यांच्यातही शेवटी ब्लेडच असतं, आणि तेही बोथट होतं. तेवढ्या पैशांत वर्षभराची पाती येतील.

आणखी एक, जे लिहिताना मला खरंच राग येतो. वापरलेली पाती आपण केराच्या टोपलीत टाकतो. टोपली उचलतात त्या मावशी, उघड्या हातांनी. गेल्या सत्रात त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती. ‘काही नाही गं, लागलं थोडं,’ म्हणाल्या. फेव्हिकॉलचा रिकामा डबा, झाकणाला एक चीर, त्यातून पाती आत टाकायची, भरला की झाकण टेपने बंद करून वर ‘ब्लेड’ लिहायचं. हा डबा वर्कशॉपच्या मामांनी पाच मिनिटांत करून दिला. क्लबात तो येऊन महिना झाला, अजून अर्धा रिकामा आहे. म्हणजे एक तर आपण पाती बदलत नाही, किंवा अजूनही टोपलीतच टाकतो.

पुढच्या सत्राच्या बजेटच्या मीटिंगमध्ये मी मागणार आहे ती यादी छोटी आहे. ११ नंबरच्या पात्यांचा एक बॉक्स, ३ नंबरची दोन हँडल्स, फक्त फिल्मसाठी एक सोल्डरिंग आयर्न आणि एक मॅट. सगळं मिळून एका चांगल्या मोटरपेक्षा स्वस्तच पडेल. फक्त एक अट, पात्यांचा बॉक्स कपाटात कुलूपबंद ठेवायचा नाही, टेबलावर ठेवायचा. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो स्पर्धेच्या आदल्या रात्री हमखास गावाला गेलेला असतो.