बडीशेपेची बशी

गल्ल्यापाशी | साप्ताहिक स्तंभ
प्रवराकाठकर

परवा भंडारदऱ्याजवळ शेंडीत जेवायला थांबलो होतो. बिल झालं सहाशे चाळीस. पूर्वी सातशे दिले असते, साठ परत आले असते आणि त्यातले चाळीस उचलून वीस बशीत राहू दिले असते. आता भिंतीवरच्या चौकोनाला मोबाइल दाखवला, गल्ल्यावरच्या डब्यातल्या बाईनं पैसे मिळाल्याचं ओरडून सांगितलं आणि व्यवहार संपला. टेबलावर बडीशेपेची बशी तशीच. आत बडीशेप, खडीसाखरेचे चार खडे. अर्धा तास ज्यानं चुलीपासून टेबलापर्यंत धावत गरम भाकऱ्या आणल्या, त्या पोराच्या वाट्याचं त्यात काही नव्हतं. खिसा चाचपला तर पाचशेची नोट. मोडायला गल्ल्यावर गेलो, तर शेठ म्हणाले, "सुटे नाहीत साहेब, राहू द्या की." राहू दिले. पार रंधा धबधब्यापर्यंत ती बशी डोळ्यांपुढून हलली नाही.

आता कोणी म्हणेल, अकोल्यात टिप कुठली? (अकोला नव्हे, अकोले. बाहेरगावच्या वाचकांना हे दरवेळी सांगावं लागतं.) खरंच आहे. बसस्थानकाजवळ मिसळ खाताना मी कधी टिप ठेवली नाही. वाढणारा पोरगा ओळखीच्याचा भाचा निघतो, नाहीतर शाळेत आपल्या मुलाच्या मागच्या बाकावर बसलेला. त्याच्यापुढे दहाची नोट टाकली तर त्यालाच अवघडल्यासारखं होईल. आपण फार तर "तूही चहा घे रे" म्हणतो आणि तो खरोखर घेतो. गावातली टिप ही अशी असते.

पण अकोले तालुक्याला दुसरं तोंडही आहे. मेच्या अखेरीस काजवे, त्यामागून पाऊस आणि धबधबे, मग कळसूबाई, रतनगड, सांदण दरी. शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्या घाटघरपर्यंत रांग लावतात. १९२६ साली भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं तेव्हा ते खालच्या शेतीसाठी होतं. आज त्याच पाण्याच्या काठावर हॉटेलं आणि तंबू उभे आहेत आणि आसपासच्या वाड्यांमधली पोरं तिथे ताटं उचलतात. एरवी यातल्या कितीतरी घरांतली माणसं नारायणगावकडे मजुरीला जातात. हॉटेलातलं काम निदान घराजवळचं. पगार बेताचा, हंगाम चार-पाच महिन्यांचा. अशा पोराला वरच्या वीस-तीस रुपयांची किंमत असते.

मग ते वाढावेत कसे? हसतमुख राहा, नम्र राहा, असला उपदेश मी करणार नाही. आपल्याकडची पोरं अनोळखी माणसाला बघून दात दाखवत नाहीत. तो त्यांचा स्वभाव आहे, उद्धटपणा नव्हे. शहरातल्या माणसाला वाटतं, हा तुटक बोलतोय. तो तुटक बोलत नसतो, मोजकं बोलत असतो.

त्याच्याकडे भांडवल आहे ते दुसरंच. बारीतून कळसूबाईला किती वाजता निघावं, आज कुठल्या धबधब्याला पाणी आहे, पाऊस लागला तर सांदणीत का उतरू नये, हे त्याला नकाशापेक्षा नेमकं ठाऊक असतं. भाकरी टेकवताना त्यानं एवढंच म्हणावं, "दादा, गर्दी व्हायच्या आत रतनवाडीचं देऊळ करून घ्या." त्या एका वाक्यानं तो ताट आणणारा राहत नाही, यजमान होतो. शहरी माणूस चवीला दाद देतो ती शेठजवळ, पण दिवस सार्थकी लावणाऱ्याच्या हातात तो आपणहून काहीतरी ठेवतो. हे मी एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिलंय.

दुसरी गोष्ट ऑर्डरची. नेदरलँड्समध्ये संशोधक फान बारेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गिऱ्हाइकाची ऑर्डर वेट्रेसनं शब्दाला शब्द परत म्हणून दाखवली की टिप बरीच वाढे. नुसतं "हो, आणते" म्हटलं की वाढत नसे. आपले वेटर ऑर्डर म्हणतातच की! फक्त ते टेबलाशी मान डोलवतात आणि भटारखान्याच्या दारात जाऊन ओरडतात, "दोन पिठलं, चार तांदळाची, एक बिनतिखट!" तेच वाक्य आधी टेबलापाशी, हळू आवाजात म्हटलं, तर बिनतिखट मागणाऱ्या आजींचा जीव भांड्यात पडेल. चुकीचं ताट परत न्यायचा हेलपाटाही वाचेल.

अमेरिकेत २००२ मध्ये बिलाबरोबर चॉकलेट देऊन पाहिलं होतं. एक दिलं तर फरक थोडा. पण एक ठेवून वेट्रेस निघाली आणि वळून तिनं आपणहून आणखी एक दिलं, तेव्हा एरवी १९ टक्क्यांच्या आसपास असलेली टिप २३ टक्क्यांपर्यंत गेली. आपल्याकडे चॉकलेटची गरज नाही. न मागता आलेली रश्श्याची वाटी, लहान पोरासाठी आणलेला गुळाचा खडा, हे तेच आहे. मात्र शेठनं त्या वाटीचे पैसे लावले की सगळं मुसळ केरात.

आणि बिल वेळेवर आणा. हात धुऊन आलेला माणूस पाच मिनिटं प्रसन्न असतो. दहाव्या मिनिटाला तो घड्याळ बघतो, पंधराव्या मिनिटाला स्वतःच गल्ल्यावर जाऊन उभा राहतो. जो गल्ल्यावर गेला त्याची टिप गेली.

एवढं सगळं पोरानं केलं तरी पुढे भिंतीवरचा चौकोन आहेच. यूपीआय २०१६ मध्ये आलं, त्याच वर्षी नोटाबंदी झाली, मग कोविडनं उरलेली नोट हातातून काढली. सोय मोठी झाली, मी स्वतः भाजीसुद्धा त्यावरच घेतो. पण टिप ही मुळात सुट्या पैशांची होती. सुटे परत यायचे, त्यातलं काही बशीत राहायचं. आता परत येणंच बंद झालं. कुणी वरचे पन्नास घालून भरले तर ते शेठच्या खात्यात जातात. मी एका ठिकाणी वेटरला विचारलं, "यातले तुला मिळतील का?" तो म्हणाला, "शेठच्या लक्षात राहिले तर."

तेव्हा शेठ लोकांना सांगणं असं, की पोरांसाठी वेगळा चौकोन लावा किंवा गल्ल्याशेजारी कुलूपबंद डबा ठेवा. जमेल ते रोज रात्री सगळ्यांसमोर मोजा. आणि त्यातला वाटा आत चुलीपाशी बसलेल्या मावशीलाही जाऊ द्या. गिऱ्हाईक ज्या भाकरीचं कौतुक करतं ती तिनं थापलेली असते आणि टिप घेऊन जातो टेबलाशी उभा असलेला. हा अन्याय वेटर पोरांनाही कळतो, विचारून बघा.

एक मात्र करू नका. टिप बिलात घालू नका. सेवाशुल्क आपोआप लावायचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक यावर आधीच चिडलेलं असतं. भंडारदऱ्याला येऊन पुन्हा तोच आकडा दिसला, तर ते बशीकडे बघणारसुद्धा नाही.

"टिप चांगली मिळते की" म्हणून पगार कमी ठेवायचा, ही युक्तीही नको. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकलंय. टिप धरूनही साध्या किमान वेतनाची भरती झाली नाही, तर उरलेलं मालकानं द्यायचं असतं, तरी पोट बांधलं गेलं ते गिऱ्हाइकाच्या मर्जीलाच. आपल्याकडे हॉटेलातल्या कामाला किमान वेतन ठरलेलं आहे आणि ते टिप न धरता द्यायचं असतं.

राहिलो आपण, जेवणारे. येत्या रविवारी भंडारदऱ्याकडे निघालात तर दहा-वीसच्या चार नोटा जवळ ठेवा आणि त्या पोराच्या हातातच द्या. नोट अकोल्यात किंवा राजूरला मोडून घ्या. शेंडीत सुटे मिळत नाहीत.